हातोडीचा कान

तळघरात चाळीस किलोची चाकं
लाकडी फळ्यांवर ओळीनं निजलेली.
मी त्यांना ठोकत जातो
छोट्या हातोडीच्या गोल टोकानं,
आणि कान देतो.
भरीव चीज ठक म्हणतं नि गप्प होतं.
आत भेग असली तर आवाज रेंगाळतो,
उसने मागायला आलेला माणूस
दारात रेंगाळतो तसा.
एकवीस वर्षं हेच करतोय.
माझा कान चुकत नाही.

म्हणून सांगायला लाज वाटते
की माझ्यातली भेग
मला सोलांजनं सांगितली.

आधी नुसत्या गांधी उठायच्या.
तीन वर्षं मुरलेल्या चाकाचा तुकडा,
वर ग्लासभर पिवळी वाईन,
की मानेपासून छातीपर्यंत लाल नकाशा:
बेटं, नद्या, भांडणातल्या सरहद्दी.
तासाभरात पुसला जायचा.
"म्हातारं चीज चावतंय तुला," ती हसायची.
मग दाढी दोन दिवसांआड पुरायला लागली.
मग दुपारी तीनला तळघराच्या पायरीवरच
बसून राहावंसं वाटायला लागलं.
मग रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपू लागलो
आणि ती हसेनाशी झाली.

लों-ल-सोनिएला, सकाळी आठला, उपाशीपोटी रक्त दिलं.
कागदावर एक आकडा रेघेच्या खाली.
डॉक्टर व्हर्नेरे बाईंनी चष्मा काढला.
"चीज पिकत जातं तसं त्यात हिस्टामीन साठतं.
तुमच्या अंगातही त्याची कोठारं आहेत,
काही पेशींच्या पोटात, बारीक दाण्यांत.
संकट आलं की त्या उधळतात.
कधी कधी संकट नसतानाही."
"आणि हा खालचा आकडा?"
"त्याच पेशी तिथंही बसलेल्या असतात
जिथं पुरुषाचं हार्मोन तयार होतं. अगदी शेजारी.
उंदरांवर पाहिलंय,
हिस्टामीन थोडं असलं तर चालना,
फार झालं तर खीळ.
तुमचं तसंच झालंय का, मला माहीत नाही.
मला माहीत आहे असं जो छातीठोक म्हणेल
त्याच्याकडून गोळ्या घेऊ नका."

छातीठोक.
मला हातोडी आठवली.

आमच्या ज्युराच्या डोंगरात लांडगा परत आलाय.
आंसेल्मनं म्हणून एक पांढरा, वासराएवढा कुत्रा आणला.
तो भुंकतो.
वाऱ्यावर भुंकतो, पोस्टाच्या बाईवर,
स्वतःच्या पाण्याच्या घमेल्यातल्या चंद्रावर.
लांडगा अजून कुणी पाहिला नाही.
कुत्र्यानं एकाही गायीला दात लावला नाही.
पण गायी रात्रभर उभ्या,
कान टवकारून, रवंथ विसरून,
आणि सकाळी दूध कमी.
मलाच ठाऊक, ते दूध आमच्याकडेच येतं.
आंसेल्म म्हणाला, "मारू का त्याला?"
मी म्हणालो, "नको. लांडगा खरंच आला तर?"

त्यानं कुत्रा वरच्या कुरणात नेऊन बांधला.
दूध चढलं. कुत्र्यामुळे की नव्या गवतामुळे,
आंसेल्म सांगू शकत नाही.

मीही चार महिने जुनं चीज सोडलंय.
चव घेतो नि थुंकतो,
पोरं पाहत नसताना.
जेवायला त्याच दिवशीचं दही, मऊ, मुकं,
ज्याला अजून काही सांगायचंच नाही.
आकडा रेघेजवळ आलाय, रेघ ओलांडली नाही.
चीजमुळे? झोपेमुळे? उन्हाळ्यामुळे?
बाई म्हणतात, पुन्हा नोव्हेंबरमध्ये बघू.

काल रात्री सोलांजनं
माझ्या पाठीवर बोटाचं पेर ठोकलं,
मणक्याच्या डावीकडे, मग उजवीकडे,
आणि कान लावला.
बराच वेळ.
"काय म्हणतंय?" मी विचारलं, भिंतीलाच.
"गप्प बस," ती म्हणाली, "ऐकू दे."